सलाम-दुव्याचा ढीग

१

"फोन मी केला होता. एकदा नाही, तीनदा," मेतवल्ली म्हणाला. "आता माझा फोन कुठं गेला ते मला दाखवा."

मेतवल्ली होड्यांच्या फटी बुजवतो. अंगाला डांबराचा वास, पायांत रबरी चपला, हातात चुरगाळलेली टोपी. त्याची बायको रतीबा हिच्या मृत्यूचा चाळिसावा दिवस आदल्याच आठवड्यात झाला होता. आमच्या वस्तीतल्या आरोग्य-मदत संस्थेच्या खोलीत फोन घेणाऱ्या मुलींची बडबड त्या सकाळी एकदम थांबली. मी कोपऱ्यात संस्थेच्या भाडेकराराचे कागद चाळत बसले होते. वकिली सोडल्यापासून एवढंच काम उरलंय मला, तेही फुकटचं.

"उस्ता, बसा तरी," डॉक्टर हिल्मी कारागिराला देतात तो मान देऊन म्हणाले.

"बसायला नाही आलो. आमच्या शेजारणीला तुम्ही आठवड्याच्या आत बोलावलंत. तिची गाठ काढलीत. आज ती मासळीबाजारात उभी राहून भावावरून भांडतेय. माझ्या रतीबाच्या छातीतही तसलीच गाठ. आम्ही फोनपासून हललो नाही, डॉक्टर. मी पाणी प्यायला उठलो तरी ती म्हणायची, तू बस, वाजेल आत्ता."

संस्थेची पद्धत साधी होती. लोक फोन करत. मुली त्यांचे शब्द जसेच्या तसे टाइप करत. मग संगणक त्या नोंदी वाचून त्यांचे ढीग पाडी: ताप, छाती, लहान मुलं, बाळंतपण, कॅन्सर. कॅन्सरचा ढीग डॉक्टर हिल्मी रोज सकाळी स्वतः वाचत आणि माणसाला लगेच तपासणीला बोलावत. शेवटचा ढीग सलाम-दुव्याचा. आमच्या अलेक्झांड्रियात नुसतं डॉक्टरला दीर्घायुष्य चिंतायला फोन करणारे पुष्कळ. तो ढीग वाचायचा नाही, असा हिल्मींचाच नियम होता.

त्या आजाराचं नाव मी इथं लिहितेय खरी, पण बोलताना माझी जीभ अजून अडखळते. आमच्याकडे तो शब्द कुणी तोंडातून काढत नाही; नुसतं 'तो' म्हणायचं आणि देव त्याला ऐकणाऱ्यापासून लांब ठेवो, असं जोडायचं.

शाहेंदा संगणकाशी बसली होती. सत्तावीस वर्षांची मुलगी, हे ढीग पाडणारं यंत्र तिनंच तयार केलेलं. तिनं कॅन्सरच्या ढिगात मेतवल्लीचं नाव शोधलं. नव्हतं. मग सगळ्या नोंदींत शोधलं आणि तिचा हात थांबला.

"आहेत," ती म्हणाली. "तिन्ही आहेत. सलाम-दुव्यात."

"वाच," हिल्मी म्हणाले.

"'देव तुम्हाला सुखी ठेवो. देव तुमच्यापासून लांब ठेवो, माझ्या घरातल्या माणसाला तो आलाय असं वाटतं. छातीशी आहे. देव डॉक्टरांच्या हाताला यश देवो. आम्ही वाट बघतो.'"

शाहेंदा पुढच्या नोंदी सरकवत होती. एक, मग दुसरी, मग अजून. सगळ्यांत तेच 'देव तुमच्यापासून लांब ठेवो'. संपेचनात.

"किती आहेत?" मी विचारलं.

ती अजून सरकवतच होती. हिल्मी हळूच म्हणाले, "दार लावा."

२

दुपारी हिल्मींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. वकिलीण म्हणून ते मला अजून उस्ताजाच म्हणतात.

"उस्ताजा तहानी, हे मुद्दाम केलेलं आहे. मागच्या कातडी कारखान्याचं पाणी कुठं मुरतं, तुम्हाला माहीत आहे. आपले संगणक त्याच मालकानं दिलेत. आपल्या वस्तीत हा आजार कमी झाला, असं आपल्याच आकड्यांवरून तो सगळीकडे सांगतो. आणि ही शाहेंदा आकडे समजावायला त्याच्याकडे जाऊन आली होती."

"तुम्हीच पाठवलं होतंत."

"पाठवलं होतं. काय ठरवून आली ते मला काय माहीत? यंत्र तिचं. गुरुवारी मी तिच्या नावानं सरकारी वकिलाकडे तक्रार देणार. त्याआधी काही सापडलं तर बघा."

गुरुवार परवावर होता.

शाहेंदा मला जिन्यात सापडली, गुडघ्यांत डोकं घालून बसलेली.

"उस्ताजा, मला तुरुंगात टाकतील?"

"टाकू शकतात. म्हणून रडणं नंतर. यंत्राला हे कोणी शिकवलं?"

तिनं नाक पुसलं. "जुन्या नोंदी होत्या, बंद पडलेल्या दवाखान्यांतून आलेल्या. कुणी लिहिल्या, कशाच्या, काही पत्ता नाही. माझ्याच भाषेतल्या, तरी मला परक्या. मी यंत्राला नियम दिलेच नाहीत. त्यातल्या काही हजार नोंदी चिठ्ठ्यांवर छापल्या आणि माणसांकडून वेगवेगळ्या करून घेतल्या. कोणत्या ढिगात कोणते शब्द एकमेकांच्या सोबतीनं येतात, ते यंत्र बघतं आणि नवीन नोंद आली की तसंच करतं. पोरं घरातल्यांची चाल उचलतात ना, तसं."

"म्हणजे चिठ्ठ्या निवडणाऱ्यानं जे केलं, तेच यंत्र आजपर्यंत करतंय?"

"तेच. निवडणारे तिघे होतो. मी, झकरिया सर आणि अब्ला इजलाल."

झकरिया म्हणजे संस्थेचा व्यवस्थापक. इजलाल, सगळ्यांची अब्ला म्हणजे ताई, फोनवरच्या मुलींची प्रमुख आणि माझी लहानपणापासूनची मैत्रीण.

"मग कॅन्सरच्या ढिगात आजवर काही येतच नव्हतं?"

"येत होतं ना! बाहेरच्या डॉक्टरांनी लिहून पाठवलेल्या सगळ्या नोंदी बरोबर तिथं पडत होत्या, उस्ता मेतवल्लींच्या शेजारणीचीसुद्धा. त्यांत नाव असतं. म्हणून तर कुणाला शंका आली नाही. मला यायला हवी होती. मी ढीग मोजत होते, उस्ताजा. वाचत नव्हते."

मी तिच्याजवळच पायरीवर बसले. कारखान्यासाठी कुणी आजार लपवायला निघालं, तर आधी काय लपवील? डॉक्टरांच्या सहीच्या नोंदी. कोर्टात त्याच उभ्या राहतात. इथं त्या सगळ्या जागच्या जागी होत्या. हरवले होते फक्त नाव न घेणारे.

मग हे कुणाच्या फायद्याचं होतं?

३

झकरिया टेबलावर कागद पसरून खारवलेले तुरमूसचे दाणे सोलत होता. मला बघताच त्यानं पुडी पुढं केली.

"घ्या. तरुणपणी न्यायाधीशांना घाम फोडायचात, आता माझ्यावर आलात?"

"तुला घाम फोडायला वकील कशाला? एक जिना चढायला लावला की पुरे. तुझ्या वाटच्या चिठ्ठ्या कुणी निवडल्या?"

त्यानं पुडी मागं घेतली. "मी."

"झकरिया."

"काही मी निवडल्या." तो सालं गोळा करू लागला. "सुरुवातीच्या. मग कंटाळा आला. पोटदुखी, जुलाब, कुणाच्या सासूचा गुडघा. वाचून वाचून मीच आजारी पडलो असतो. इजलालला म्हटलं, तू घरी नेतेसच, माझ्याही ने. शाहेंदानंही डॉक्टरांनी लिहिलेल्या तेवढ्या स्वतःकडे ठेवून बाकीच्या तिला दिल्या. लोक फोनवर कसे बोलतात ते इजलालइतकं कुणाला कळतं?"

"म्हणजे जवळजवळ सगळ्याच तिनं निवडल्या."

"मग चांगलंच झालं ना? तिच्यासारखी मन लावून..." त्यानं सालं तशीच टाकली. "उस्ताजा, तुम्हाला काय म्हणायचंय?"

"डबे कुठं आहेत?"

शाहेंदानं चिठ्ठ्या निवडायला ईदच्या बिस्किटांचे कोरे, रिकामे डबे दुकानदाराकडून आणले होते, झाकणं चिकटपट्टीनं बंद केलेले. तिघांना तीन संच, प्रत्येक डब्यावर एका ढिगाचं नाव. झकरियानं मागचं कपाट उघडलं. त्याच्या स्वतःच्या डब्यांवर तेलाचे डाग. शाहेंदाच्या डब्यांवर रंगीत खुणा. इजलालच्या संचाची झाकणं इतकी उघडमीट झालेली, की कडांचा रंग उडाला होता.

एक डबा सोडून. तो सगळ्यांच्या मागे होता, तोंड भिंतीकडे करून ठेवलेला. मी तो पुढं ओढला आणि फिरवला. शाहेंदाच्या ठळक अक्षरात त्यावर कॅन्सर लिहिलं होतं.

झाकणाभोवती दुकानदाराची चिकटपट्टी जशीच्या तशी होती.

"ती उघडायला विसरली असेल," झकरिया म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच पटत नव्हता.

लबाडी करणाऱ्या माणसानं हा डबा आधी उघडला असता. थोड्या चिठ्ठ्या त्यात टाकल्या असत्या, निदान दिसायला. ज्यानं झाकणाला हातसुद्धा लावला नाही, त्याला काही दडपायचं नव्हतं. त्याला त्या नावाची भीती वाटत होती.

आणि मी इजलालला ओळखते. लहानपणी आम्ही पोरी खडकांवर उभ्या राहून थरथरायचो, तेव्हा समुद्रात पहिली उडी तिची असायची. घागरा खोचून, आमच्याकडे मागं न बघता. त्या काळी किनाऱ्यावर भिंत नव्हती, लाटा थेट गल्लीत यायच्या, आणि इजलालला कशाची म्हणून भीती नव्हती.

इतक्या वर्षांत तिला घाबरवील असं काय तिच्या घरात शिरलं होतं?

४

"तू? आत्ता?" इजलालनं दार अर्धंच उघडलं.

साठ वर्षांत या दाराशी मला कुणी थांबवलं नव्हतं.

"पेरू आणलेत," मी म्हटलं. "मोसमातले शेवटचे. आत घेणार, की पेरू घेऊन मला हाकलणार?"

"अगं आई, मावशीला दारात काय उभी केलीस!" आतून तिच्या मुलीचा, नदीराचा आवाज आला.

नदीरा शाळेत चित्रकला शिकवते. शिकवायची. ती चहाचे पेले घेऊन बाहेर आली तेव्हा मला पेल्यांकडे बघावं लागलं, तिच्याकडे बघवेना. घरात आम्ही तिघी बायकाच, तरी तिनं डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता, कपाळापासून मानेपर्यंत. भुवया पेन्सिलीनं काढलेल्या होत्या. चित्रकारच ती, छान काढल्या होत्या.

"बघते काय मावशी? बारीक झालेय ना? रक्त कमी आहे म्हणतात. आई सकाळ-संध्याकाळ कलेजी खायला घालते. माझं मांजर झालंय. परवा खरं मांजर आलं दारात, मला बघून म्हणालं असेल, ही आपल्यातलीच दिसतेय."

मी हसले. इजलालही हसली. तिनं चहा न पिताच पेला खाली ठेवला.

"दवाखान्यात काय देतात?" मी विचारलं.

"सलाइनमधून ताकदीचं औषध. असली ताकद, की दोन दिवस उलट्या." नदीरानं पेरू हातात घेऊन हुंगला. "आईला विचारा. मला काही सांगत नाही. डॉक्टरही तिच्याशीच बोलतो, मला म्हणतो, तुझा रंग आज छान आहे."

खिडकीशी गोल टेबल होतं, त्याच्या दोन बाजूंना दोनच खुर्च्या.

"हिवाळ्यात तुझी आई इथंच चिठ्ठ्या निवडत बसायची ना?" मी सहज विचारलं.

"हो! मी मदत करायची. म्हणजे, करू द्यायची तेव्हा. काही चिठ्ठ्या अशा झटकन उचलायची, जशी मी गालिच्यावर रंग सांडणारेय. मी म्हटलं, कसली आहे गं ती? तर म्हणे, कुणीतरी दुवा दिलाय."

इजलाल उठली. "तहानी, चल. मी येते तुला कोपऱ्यापर्यंत सोडायला."

५

आम्ही समुद्राच्या भिंतीवर बसलो. मक्याची कणसं भाजणाऱ्याचा धूर आमच्या अंगावर येत होता. इजलालनं तो हातानं वारलाही नाही.

"तुला कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही. चिकटपट्टी न काढलेला डबा बघितला. मग नदीराचा रुमाल बघितला."

तिनं चपला काढून पाय भिंतीवर घेतले.

"कपाटातून सगळे डबे काढले होते गं. पिशवीत भरत होते. तो हातात आला आणि मी तो परत आत ढकलला. ते नाव तिच्या ताटाशेजारी कसं ठेवू? तिला ठाऊक नाही, तहानी. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, आणि मी त्याचे हात धरले, हिला नका सांगू म्हणून. तुझ्या आईच्या वेळी तुम्ही तेच केलंत. सगळेच करतात."

"आणि तसल्या चिठ्ठ्या?"

"त्या कशा लिहिलेल्या असतात माहीत आहे ना? देव तुम्हाला सुखी ठेवो, देव तुमच्यापासून लांब ठेवो. नदीरानं वरची ओळ वाचली तरी तिला दुवाच वाटला असता. म्हणून सलाम-दुव्याच्या डब्यात टाकायची. ऑफिसात गेल्यावर बाजूला काढणार होते, देवाशपथ. पण काम संपलं त्या दिवशी तिला ताप चढला. मी तिला घेऊन दवाखान्यात, इकडं झकरियानं माणूस पाठवून डबे नेले. परत आले तेव्हा यंत्र सुरू झालेलं, आणि सगळे बसबूसाची मिठाई खात होते. शाहेंदानं माझ्या तोंडात घास घातला. म्हणाली, अब्ला, हे तुमच्यामुळं झालं."

"तेव्हा का नाही बोललीस?"

"वाटलं, हजारो चिठ्ठ्या. त्यात तसल्या मूठभर. यंत्र त्यावरूनच पुढचं सगळं ठरवणार, हे मला कुठं कळत होतं?"

"मेतवल्ली आला तेव्हा कळलं."

"कळलं." तिनं ओढणीचं टोक तोंडात धरलं, लहानपणी धरायची तसं. "तेव्हा काय केलं ते सांगितलं असतं, तर का केलं तेही सांगावं लागलं असतं. आणि ते आपल्या गल्लीत पोचायला किती वेळ लागतो? भाजीवालीच नदीराला 'लवकर बरी हो' म्हणून रडली असती."

"परवा शाहेंदाला सरकारी वकिलापुढं उभं करणार आहेत."

"मला माहीत आहे. तिची आई मला रोज जिन्यात सलाम करते. आज मी मागच्या दारानं घरी आले."

मी वकील म्हणून किती गुन्हेगारांकडून कबुली काढून घेतली असेल. या वेळी ती न मागता मिळाली होती. हिल्मींना एक फोन केला असता तर मुलगी सुटली असती. पण मग नदीराला ते भाजीवालीकडून कळलं असतं.

"मी तुझ्या आधी बोलणार नाही," मी म्हटलं. "पण गुरुवारी तू आली नाहीस, तर बोलेन. तेव्हा माझ्याकडे बघू नकोस."

ती उठून गेली. कणीसवाल्यानं वयस्क बाईला म्हणतात तसं मला विचारलं, "हाज्जा, एक देऊ?" मी उठून घरचा रस्ता धरला.

६

गुरुवारी खोलीत आम्ही सगळे होतो. तक्रारीचा कागद हिल्मींच्या समोर होता. शाहेंदानं चांगले कपडे घातले होते, कुणी फोटो काढणार असल्यासारखे. झकरिया खिडकीतून खाली बघत होता. मेतवल्लीलाही मीच बोलावलं होतं. तो दाराजवळच्या बाकावर बसला होता, टोपी गुडघ्यावर ठेवून.

इजलालचा पत्ता नव्हता.

हिल्मींनी पेनाचं टोपण काढलं. मी उभी राहिले. "डॉक्टर, सही करू नका," असं म्हणेपर्यंत दार उघडलं.

ती बसली नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं, डबा, टेबल, चिठ्ठ्या, नदीरा. काही झाकलं नाही, काही सजवलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाली, "या पोरीचा काही दोष नाही. तक्रारीत माझं नाव घाला."

हिल्मींनी पेन खाली ठेवलं. "तो ढीग वाचायचा नाही, हा नियम माझा होता," ते म्हणाले, टेबलाला सांगितल्यासारखे. झकरिया खिडकीपासून हलला नाही. "मी माझं काम तिच्या घरी पाठवलं," तो म्हणाला. शाहेंदाच्या तोंडावर सुटल्याचा आनंद मी शोधत होते. दिसला नाही.

मेतवल्ली उठला आणि इजलालसमोर येऊन उभा राहिला.

"तुमच्या पोरीला कळलं?"

"आज सकाळी सांगितलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, 'इतके दिवस मला एकटीला दाराबाहेर का उभं केलंस?'"

मेतवल्लीनं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "तुमच्यावर ओरडायचं म्हणून घरून ठरवून आलो होतो, हाज्जा. वाटेत म्हणतही आलो. पण मीही नव्हतं सांगितलं रतीबाला. फोन करायचो तेव्हा ती माझ्याच शेजारी बसलेली असायची. म्हणून तर नाव घेतलं नाही. एकदाही नाही."

बाहेर जिन्यात कुणाचं तरी पोर चेंडू आपटत होतं.

"बाकीचे कुठं आहेत?" मेतवल्लीनं एकदम विचारलं. "माझ्यासारखे. त्यांना कुणी सांगितलं का?"

शाहेंदानं पडद्यावर नावं आणली. दोन रात्री ती ढीग वाचत बसली होती, एकेक नोंद. इजलालनं फोन जवळ ओढला आणि पहिला नंबर फिरवला.

"सलाम. कशा आहात? घरचे कसे आहेत? पोरं कशी आहेत?" तिनं सगळं रीतसर विचारलं, कारण नाही विचारलं तर समोरचा घाबरतो. मग ती थांबली. खोलीतल्या सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. "तुम्ही आईंच्या पोटाबद्दल फोन केला होता. आम्ही परत फोन केला नाही, ती चूक आमची, माझी. त्यांना कॅन्सर असू शकतो. कॅन्सर. त्यांना तपासायला घेऊन या."

आवाज एवढा मोठा होता की पलीकडचं आम्हाला ऐकू आलं. आधी काहीच नाही. मग एका बाईचा आवाज: "आहे ती. इथंच बसलीय, भेंडी चिरतेय. केव्हा आणू?"

मुलींपैकी कुणीतरी हुंदका दिला. मेतवल्लीनं टोपी घातली आणि तो बाहेर गेला.

इजलालनं दुसरा नंबर फिरवला. पुन्हा कसे आहात, पोरं कशी आहेत. मग तिनं आजारी बाईंचं नाव घेतलं, आणि ऐकत राहिली. तिचे ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हता. पलीकडचा पुरुष विचारत होता, "हॅलो? कोण बोलतंय? ती गेली, आत्ता कशाला फोन केलात?"

मेतवल्ली दारात परत आला होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. तो आत आला आणि त्यानं डांबरानं काळा झालेला हात पुढं केला.

"द्या, हाज्जा," तो म्हणाला. "यांच्याशी मी बोलतो."